त्रेसष्ट सेकंद

पहिल्या वर्षी मिळालेला पेशंट रबराचा होता.
त्याला आम्ही चाळीसजणींनी वर्षभर सुया टोचल्या,
एकदाही 'आई गं' म्हणाला नाही.
जेसिंता वळवी त्याच्या कानाशी वाकून विचारायची,
'दुखतंय का, दादा?'
लीलाम्मा मॅडम त्यांच्या केरळी मराठीत म्हणायच्या,
'हसू नको. विचार. सवय लागते.'

दुसऱ्या वर्षी वॉर्ड.
सहाची बस, मांडीवर फार्माकॉलॉजी, डोळे मिटलेले,
स्वारगेटच्या सिग्नलला अंबाड्याची पिन टोचून जाग.
सातला हँडओव्हर.
चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशांत दुमडायचा.
उशीच्या खोळीचं तोंड दाराकडे नको.
का, ते कुणी सांगत नाही,
पण दाराकडे असलं की ओरडा बसतो.

आणि नाडी पूर्ण मिनिटभर.
अर्धं मिनिट मोजून दुप्पट केली
तर मॅडमना कळतं. कसं, देव जाणे.
छातीवर उलटं टाचलेलं माझं घड्याळ
तुळशीबागेतलं. दोनशे सांगितले, एकशे साठला दिलं.

बेड अकरा. खटावकर. वय चौसष्ट. डावी बाजू गेलेली.
केस पेपरवर व्यवसाय: दुकान.
कसलं, ते लिहायला जागा होती,
वेळ नसावा.

तिसऱ्या दिवशी मी मोजत होते, ओठांतल्या ओठांत,
आणि त्यांची नजर माझ्या छातीवर.
मी एप्रन सावरला. आकडा चुकला.
ते म्हणाले, शब्द एका गालातून घरंगळत,
'बाई, तुमचा काटा आठला अडखळतो.
आठ ते बारा त्याला चढ लागतो. सेल संपत आलाय.
तुमचं मिनिट त्रेसष्ट सेकंदांचं आहे.'

रविवार पेठेत घड्याळदुरुस्ती. एकेचाळीस वर्षं.
भिंतीवरच्या घड्याळाशी तीन दिवस ताडून पाहत होते मला.
दुसरं काम काय होतं त्यांना.

तीन आठवडे. दोनशेच्या आसपास नाड्या.
प्रत्येकीत तीन-चार ठोके जादा,
निळ्या शाईत, माझ्या सहीनिशी.
कुणाचे होते ते?

मॅडमना सांगितलं. वाटलं, आता लॉगबुक भिरकावतील.
त्यांनी स्वतःच्या मनगटावरचं काढून हातात दिलं.
पट्ट्याला घाम होता.
'सगळं परत मोज. बेड एकपासून.'

दुपारी, जेवणाची ट्रॉली गेल्यावर,
खटावकरांनी माझं घड्याळ उघडायला मागितलं.
उजव्या हातात नेलकटरची पात.
डावा हात मी.
'दाबू नका. नुसतं थोपवा.
आणि फुंकर नको. थुंकीनं गंजतं.'
टक् करून झाकण निघालं.
आत एवढंसं काहीतरी, अँपूलच्या टोकाहून लहान,
एकेका सेकंदाला हिसका देत होतं.
मी श्वास धरून बसले होते.
ते मात्र, रबरी नळी लावलेला तो माणूस,
लघवीची पिशवी पलंगाला लटकवलेली,
पहिल्यांदाच त्या वॉर्डात
कामावर आल्यासारखे दिसले.

रविवारी सुट्टी. मी रविवार पेठेत गेले.
त्यांच्या दुकानाला कुलूप, कुलपाला धूळ.
शेजारच्या रेडिओवाल्यानं सेल बसवला, चाळीस रुपये.
म्हणाला, 'अण्णा पस्तीसच घ्यायचे. पण मी अण्णा नाही.'

सोमवारी बेड अकरावर चादर ताणलेली.
उशीचं तोंड दाराकडे नव्हतं.
माझ्या पोटात गोळा.
'घरी गेले शनिवारी,' वही न सोडता सिस्टर म्हणाल्या,
'चालत नाही. व्हीलचेअरवर.'

दहा वाजता नवा पेशंट आला, सासवडकडचा,
पायाला जखम, शुगर चारशे.
मी मनगट धरलं.
काटा आठवरून सरळ वर चढला.
'किती भरली, सिस्टर?'
'अठ्ठ्याऐंशी.'
'जास्त आहे का?'
'जरा. पण सगळी तुमचीच आहे.'

त्यांना काही कळलं नाही.
मी आकडा लिहिला.